एकाच दिवशी दोनदा उजाडलं

"आई, उद्यापासून तुम्ही खुशाल झोपायचं! भट्टी आपली आपण पेटेल, शटर आपलं आपण वर जाईल, गिऱ्हाइकांना निरोप आपले आपण पोचतील. माणसाचा हात म्हणून लागायचा नाही!"

बेकरीमागच्या स्वयंपाकघरात दुपारची जेवणं चालली होती. जावयाने हे वाक्य असं झोकात टाकलं, की मेव्हण्याचा घास तोंडाशीच थांबला. बायकोने नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं. सासूबाईंनी मात्र ताटातला शेवटचा कण टिपला, पाणी प्यायल्या आणि विचारलं,

"पीठ कोण मळणार?"

"ते मेव्हणे मळतील ना!"

"तो माणूसच आहे की."

"तेवढा एक माणूस सोडून, आई!"

"असं," सासूबाई म्हणाल्या.

हे 'असं' मैद्याच्या पोत्याएवढं जड होतं. सासूबाई जावयाला कधी वाकडं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बिचाऱ्याला बरं वाटलं असतं! लग्नाला सात वर्षं झाली तरी त्याला चहा बशीसकट मिळायचा, बसायला घरातली एकुलती एक न डुगडुगणारी खुर्ची मिळायची, आणि भट्टीकडे पाऊल वळलं की "तुम्ही कशाला?" हा प्रश्न मिळायचा. मेव्हण्याला दिवसातून चार वेळा 'गाढवा' अशी हाक यायची. त्या हाकेचा जावयाला हेवा वाटायचा.

सासूबाई बत्तीस वर्षं पहाटे साडेतीनला उठत होत्या. कोंबडं कूस बदलायच्या आत त्यांच्या भट्टीत जाळ असायचा. जाळाकडे बघत त्या हलक्या आवाजात म्हणायच्या,

*झोप माझी गं पाहुणी, आली तशीच ती गेली,*
*उशाशी ती बसेतो भट्टीनं हाक दिली.*

आता गुडघेही त्यात सूर मिळवू लागले होते. उठताना डावा कुरकुरायचा, बसताना उजवा, आणि पायऱ्या चढताना दोघं मिळून एकमेकांची उणीदुणी काढायचे. डॉक्टरीणबाईंनी तपासून चिठ्ठी लिहिली, ती घेऊन मुलगी औषधाच्या दुकानात गेली, तर दुकानदार चिठ्ठी उलटीसुलटी करून म्हणाला, "हे आमच्याकडे मिळत नाही." चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'झोप'. त्या दिवसापासून मुलीने ध्यास घेतला, की आईने उजाडेपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही. म्हणूनच जावयाने तीन महिने खपून हा प्रोग्राम लिहिला होता.

"ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी एकदा चालवून दाखवा. चाललं, तर भट्टीची किल्ली तुमच्या हातात आणि मी अंथरुणात. नाही चाललं, तर माझ्या झोपेचा विषय या घरात पुन्हा कुणी काढायचा नाही. थोरले, तूसुद्धा नाही!"

बायकोने टेबलाखालून नवऱ्याचा पाय दाबला. त्या दाबण्याचा अर्थ साफ होता: चुकलात, तर माझ्या आईचे गुडघे तुमच्या डोक्यावर!

*

बेकरी दुपारी एक ते चार बंद असायची. अडीचच्या सुमारास सासूबाई आतल्या खोलीत लवंडल्या. बायको बाजारात गेली. मेव्हणा दुकानातल्या बाकावर आडवा झाला. जावई मैद्याच्या खोलीत शिरला, दोन पोत्यांवर फळी टाकली, फळीवर लॅपटॉप ठेवला, आणि झोपू पाहणाऱ्या मेव्हण्याला हाक मारून म्हणाला,

"मेव्हणे, प्रोग्राम चालवणं सोपं असतं. त्याला जागं करणं अवघड!"

"माझ्यासारखंच म्हणायचं," मेव्हणा तिकडून जांभई देत म्हणाला.

"अगदी! तुम्ही उठल्याउठल्या काय करता? किती वाजले बघता. चूल पेटलीय का बघता. दार उघडता. शेजाऱ्याला हाक मारता. हा प्रोग्रामही तेच करणार. घड्याळाला वेळ विचारणार, भट्टीला पाव किती झाले विचारणार, शटर उघडणार, आणि आपल्या आठशे गिऱ्हाइकांना फोनवर निरोप धाडणार. त्याचं हे जागं होणं मला तपासायचंय."

"मग करा की जागं."

"आत्ता? भर दुपारी? खरी भट्टी पेटेल! खरं शटर उघडेल! आई खऱ्याच उठतील! म्हणून मी काय केलं सांगू? चार सोंगाडे उभे केले. एक खोटं घड्याळ. त्याला कधीही विचारा, ते सांगणार सकाळचे साडेसहा. एक खोटी भट्टी. ती सांगणार दहा हजार पाव तयार."

"दहा हजार? भावोजी, आपण दिवसाला सहाशे काढतो."

"अहो, खोटंच सांगायचं तर हात कशाला आखडता घ्यायचा! मग एक खोटं शटर, ते म्हणणार उघडलं. आणि एक खोटा निरोप्या. तो आठशे निरोप मुकाट्याने वहीत लिहून ठेवणार, कुणालाही पाठवणार नाही. प्रोग्रामला वाटणार, आपण खऱ्या जगात जागे झालो! आणि बाहेरच्या खऱ्या जगाला पत्तासुद्धा लागणार नाही."

मेव्हण्याने यावर घोरून उत्तर दिलं.

आता चूक कुठे झाली ते ऐका, कारण अशी चूक करायलाही तीन महिने अभ्यास लागतो. घड्याळ, भट्टी, शटर ही तिन्ही सोंगं जावयाने प्रोग्राम उठायच्या आधी जागेवर बसवली होती. निरोप्याचं सोंग मात्र एक ओळ खाली राहिलं. तेवढ्या एका ओळीत प्रोग्रामने डोळे उघडले, खऱ्या निरोप्याला हाताशी धरलं आणि कामाला लावलं. खोटा निरोप्या मागाहून आला, कोरी वही मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला. या तपासणीने, म्हणजे टेस्टने, त्याला शेवटी एवढंच विचारायचं होतं, "बाबा रे, काही अडचण?" तो म्हणाला, "काहीच नाही." ज्याला कामच सांगितलं नाही त्याला कसली आलीय अडचण!

पडद्यावर 'सगळं ठीक' म्हणून हिरवी खूण उमटली.

जावयाचा जीव हरखून गेला. त्याने एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला आणि पुन्हा चालवलं. हिरवं! एक रिकामी ओळ काढून टाकली. हिरवं! मग काहीच न बदलता, नुसतं डोळे निववायला म्हणून चालवलं. हिरवं, हिरवं, हिरवं! पावसाळ्यानंतरचं कुरण जसं! अकरा वेळा चालवल्यावर त्याने बोटं मोडली आणि स्वतःची पाठ थोपटायला हात मागे नेला, पण तो पोचला नाही.

*

त्या दिवशी आभाळ राखाडी होतं. ऊन नाही, सावली नाही, सकाळी दहाला जसा उजेड होता तसाच दुपारी तीनला. अशा दिवशी आभाळाला वेळ विचारण्यात अर्थ नसतो.

पावणेतीनला सासूबाईंना डोळा लागला होता तो असा, की नुकताच विहिरीत दगड पडावा आणि अजून तळ गाठायचा असावा. त्यांचं नाव गिऱ्हाइकांच्या यादीत पहिलं होतं. जावयाने मानाने घातलं होतं. उशाजवळचा फोन मुलीने असा लावून दिला होता, की आलेला निरोप तो मोठ्याने वाचून दाखवी. फोन बोलला,

"सुप्रभात! सकाळचे साडेसहा वाजले आहेत. दुकान उघडलं आहे. दहा हजार पाव तयार आहेत. लवकर या."

सासूबाई ताडकन उठून बसल्या.

साडेसहा! सकाळचे! आपण दुपारी घटकाभर लवंडलो काय, आणि संध्याकाळ, रात्र, पहाट सगळं झोपेतच ओलांडलं काय! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा! त्यांनी बोटांवर मोजलं. सोळा तास! भिंतीवरचं घड्याळ तीन वाजून पाच मिनिटं दाखवत होतं. सासूबाईंनी त्याच्याकडे कीव करून पाहिलं. "बिचारं पहाटेच बंद पडलं वाटतं."

त्या पलंगावरून उतरल्या, आणि मध्येच थबकल्या. डावा गुडघा गप्प होता. त्यांनी वाट पाहिली. उजवाही गप्प! त्यांनी हळूच खाली बसून पाहिलं, हळूच उठून पाहिलं. कुणी कुरकुर केली नाही. "अगं बाई," त्या पुटपुटल्या, "सोळा तास झोपलं की असं होतं होय!"

मग त्यांनी तोंड धुतलं. फोन म्हणाला, सकाळचे साडेसहा वाजले आहेत. आंघोळ केली. फोन म्हणाला, साडेसहा. लुगडं बदललं, केस विंचरले, अंबाडा घातला. साडेसहाच! सासूबाई मनाशी म्हणाल्या, झोप झाली की माणसाला केवढी चपळाई येते, एवढं सगळं आवरलं आणि काटा हलला म्हणून नाही!

दुकानात येतात तो बाकावर मेव्हणा तोंड उघडं टाकून झोपलेला.

"गाढवा! ऊठ! साडेसहा वाजले!"

मेव्हण्याला निरोप आला नव्हता. पण आई सांगते ते खोटं असेल, ही शंका त्याने जन्मात घेतली नव्हती. तो धडपडत उठला. "साडेसहा? आई, म्हणजे मीसुद्धा कालपासून झोपलोय? तरीच मान अवघडली! तरीच भूक लागलीय!"

"मघाशीच तर जेवलास ना... नाही, ते कालचं."

"कालचं! म्हणजे रात्री मी उपाशी झोपलो?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने कान टवकारले. "आई, हा आवाज कसला?"

बंद शटरच्या पलीकडे गलका होता. नुसता गलका नाही, धरणाच्या भिंतीला पाणी धडका देतं तसा. "उघडा! उघडा की!" कुणीतरी शटरवर थापा मारत होतं.

सासूबाईंचा चेहरा उजळला. आपण झोपलेलो, मुलगा झोपलेला, आणि दारात माणसांची ही रीघ! यंत्र आपलं आपण उठलं होतं! त्या तरातरा चालत मैद्याच्या खोलीत गेल्या. न लंगडता.

"जावईबापू, शाबास! तुम्ही जिंकलात!"

जावई उडालाच. सात वर्षांत 'शाबास' पहिल्यांदा! त्याला वाटलं, यांनी दारातून पडद्यावरची हिरवी खूण पाहिली.

"झालं ना आई सगळं? एकदाही अडलं नाही!"

"मला झोपेत कळलंसुद्धा नाही! शटर तेवढं उघडलं नाहीये."

"नाही कसं? उघडलंय. म्हणजे ते खोटंच आहे, पण उघडलंय."

"खोटं? बत्तीस वर्षांचं शटर आहे ते! राहू द्या, धाकटा उघडेल हाताने. एवढं सांगा, ते दहा हजार पाव कुठे ठेवलेत?"

जावयाच्या हसण्याला मध्येच खीळ बसली. दहा हजार हा आकडा या पृथ्वीवर दोनच ठिकाणी होता, त्याच्या खोट्या भट्टीच्या पोटात आणि घोरणाऱ्या मेव्हण्याच्या कानात. तो सासूबाईंना कसा कळला?

त्याने खोट्या निरोप्याची वही उघडून पाहिली. कोरी करकरीत! आठशे निरोप लिहायचे होते तिथे एक टिंबसुद्धा नव्हतं. आणि ती एक ओळ, जी वर असायला हवी होती, ती खाली बसून त्याच्याकडे बघत होती.

सोंगाड्यांनी खुशाल सोंगं केली होती, कारण ती घराबाहेर जाणार नव्हती. आणि एक बावळट, प्रामाणिक, खरा निरोप्या ती सगळी थापेबाजी खांद्यावर घेऊन आठशे घरांत वाटत फिरला होता. एकदा नाही, अकरा वेळा!

तेवढ्यात मेव्हण्याने शटर वर केलं.

*

सगळ्यांत पुढे निवृत्त मास्तर उभे होते. तोंडात दात घासायचा ब्रश, खांद्यावर पंचा.

"बाई," ते फेसातून म्हणाले, "तुमच्या निरोपामुळे अनर्थ टळला. मी तर या वेळेला दुपार समजून चाललो होतो. घरची तिन्ही घड्याळं चुकीची निघाली. तिन्ही मी साडेसहावर आणली."

"मास्तर, तुम्हाला शंका नाही आली?" जावई मागून क्षीण आवाजात म्हणाला.

"एकदा आलं असतं, तर घेतली असती शंका. अकरा वेळा लेखी आलंय!"

मास्तरांच्या मागे गल्ली भरून गेली होती. शाळेच्या कपड्यांतली पोरं दप्तरं अडकवून रडत होती, कारण शाळा दोन तासांपूर्वी सुटली होती आणि आयांनी त्यांना पुन्हा वेण्या घालून बाहेर काढलं होतं. एक शिंपी गळ्यात टेप घालून शेजाऱ्याशी भांडत होता: "मी म्हणतो रात्र गेली कुठे? मला रात्र दाखव!" एक बाई पिशवी हलवत सगळ्यांना विचारत होती, "अहो, काल रात्री कुणी जेवलं का? आमच्याकडे कुणालाच आठवत नाही!" रात्रपाळीचा एक पहारेकरी तेवढा खुशीत होता. त्याला वाटत होतं, आपली पाळी संपली.

"पाव! दहा हजार पाव!" मागून आरोळी आली.

"रांग धरा!" सासूबाईंनी दारात उभं राहून हुकूम सोडला. मग आत वळून हळूच, "जावईबापू, पाव काढा."

"आई, पाव... ते काय आहे..."

"संपले? एवढ्यात? बरं, मग घाणा घालू या! धाकट्या, पीठ!"

आणि पहाटेच्या जाळाने अजून गरम असलेल्या भट्टीकडे सासूबाईंनी झेप घेतली. झेप! मेव्हणा पीठ मळू लागला. जावयाला मैद्याचं पोतं ओढायला लावलं. "तुम्ही कशाला" असं आज कुणी म्हटलं नाही. त्याचा आनंद मानावा की पळून जावं, हे त्याला कळेना.

गर्दीतून वाट काढत बायको बाजारातून परतली. तिने आधी रांग पाहिली, मग मास्तरांचा ब्रश पाहिला, मग नवऱ्याचा चेहरा पाहिला. नवऱ्याचा चेहरा वाचायला तिला सवयीने फार वेळ लागत नसे.

"काय केलंत?"

जावयाने पोत्याआड नेऊन चार वाक्यांत सांगितलं.

"आईला सांगा. आत्ताच्या आत्ता!"

"बघ तरी त्यांच्याकडे!"

बायकोने पाहिलं. आई मागच्या तीन पायऱ्या उतरून सरपण घेऊन आली, परत चढली, वाकली, उठली. तोंडाने काही गुणगुणत होती. असं चालताना तिने आईला लहानपणी पाहिलं होतं. बायकोचे डोळे भरून आले आणि कमरेवरचा हात खाली आला.

"बरं, उद्या सांगू," ती म्हणाली.

"उद्या म्हणजे कधी? त्यांच्या हिशेबाने उद्या आजच आहे!"

"मग परवा!"

"परवा म्हणजे उद्या?"

"अहो, मला गोंधळवू नका! ट्रे उचला!"

पहिला घाणा निघाला आणि दहा मिनिटांत संपला. दुसरा निघाला. शिंप्याने पीठ मळायला बाह्या सरसावल्या. पोरांना गरम पाव मिळाल्यावर त्यांचं रडं थांबलं आणि दुसऱ्यांदा शाळेत जायचं आहे हे ती विसरली. मास्तर रांगेत शिस्त राखत होते आणि दर पाच मिनिटांनी जाहीर करत होते, "शांतता ठेवा, सकाळ अजून बरीच शिल्लक आहे!"

पण सकाळ काही वर चढेना.

उजेड वाढायचा सोडून कमी होऊ लागला. आधी समोरच्या दुकानाची पाटी पुसट झाली, मग माणसांचे चेहरे. पाखरं झाडांवर परतून कलकलाट करू लागली. "पाखरंही विसरली वाटतं काहीतरी," शिंपी म्हणाला. मास्तरांनी आभाळाकडे पाहून चष्मा पुसला. "ग्रहण असावं. पण वर्तमानपत्रात नव्हतं."

मग रस्त्यावरचे दिवे लागले. सगळे एकदम.

रांगेतल्या माना एकदम वर झाल्या आणि मेव्हण्याने पावाचा घास न चावताच गिळला. सासूबाई हातात गरम पावांचा ट्रे घेऊन दारात आल्या. त्यांनी दिवे पाहिले, आभाळ पाहिलं, आणि न वळता म्हणाल्या,

"जावईबापू, इकडे या."

जावई आला. केसांत मैदा, नाकावर मैदा, भुवया पांढऱ्या. तो एकदम साठ वर्षांचा दिसत होता.

"हे काय चाललंय?"

"संध्याकाळ, आई."

"कुठली?"

"आजचीच. म्हणजे कालची तुम्ही समजता ती. आई, सकाळ खोटी होती! घड्याळ खोटं होतं, भट्टी खोटी होती, दहा हजार पाव मी मनानेच लिहिले होते. सगळी सोंगं घरातच राहायची होती. पण निरोप्या तेवढा चुकून खरा निघाला."

सासूबाईंनी बोटांवर पुन्हा मोजायला घेतलं. गर्दीत मास्तरांनी ब्रश हळूच खिशात घातला. पहारेकऱ्याचा चेहरा उतरला. त्याची पाळी आता सुरू व्हायची होती.

"म्हणजे मी झोपले किती?"

"वीस मिनिटं."

"वीस?"

"फार तर बावीस."

सासूबाईंच्या तोंडून "आई गं!" निघालं. आधी डावा गुडघा बोलला, लगोलग उजवा. ट्रे मेव्हण्याने वरच्यावर झेलला म्हणून पाव वाचले. मुलीने आईला धरून पोत्यावर बसवलं.

"झालं," जावई मान खाली घालून म्हणाला. "चुकलं माझं. आता तुमच्या झोपेचा विषय आम्ही कुणी काढणार नाही."

"थांबा," सासूबाई गुडघे चोळत म्हणाल्या. त्या विचारात पडल्या होत्या. "वीस मिनिटांच्या झोपेने काय होतंय? रोजच घेते मी ती. मग तीन तास माझे गुडघे गप्प कसे बसले?"

मास्तरांनीसुद्धा हात वर केला नाही.

"मला वाटलं, आज भट्टी दुसऱ्या कुणीतरी पेटवली," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या आधी उठलं. झोपेने नाही गं थोरले, त्या समजुतीनेच अंगातला शीण उतरला."

मुलीने डोळ्यांना पदर लावला. मेव्हणा तर हुंदके द्यायला लागला, पण त्याच्या तोंडात पाव होता, म्हणून ठसका लागला. सासूबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि जावयाच्या पिठाळ तळहातावर ठेवली.

"घ्या. भट्टी तुमची."

जावयाच्या पांढऱ्या गालांवरून दोन ओघळ उतरले. किल्ली ऊबदार होती. ती मुठीत घट्ट धरून तो म्हणाला,

"आई, चारच दिवस द्या! ती एक ओळ वर घेतो. खोटा निरोप्या आधी बसवतो. मग बघा, हा प्रोग्राम कसा..."

"तो प्रोग्राम कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "जो कुणाचंही ऐकून गावभर बोंब मारतो, त्याच्या हाती मी जाळ देईन होय! भट्टी माणसाने पेटवली, एवढं मला कळलं की पुरे."

"माणसाने? कुठल्या माणसाने?"

सासूबाईंनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. मेव्हण्याकडे बघायच्या, अगदी तसं.

"पहाटे साडेतीनला, गाढवा! आणि उशीर करू नकोस."

*

आता सासूबाई उजाडेपर्यंत झोपतात. गुडघे अधूनमधून कुरकुरतात, पण त्यात पूर्वीसारखा जोर नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध लागू पडलं. भट्टी रोज वेळेवर पेटते. मास्तरांनी घरची तिन्ही घड्याळं बेकरीच्या शटरच्या आवाजावर लावून घेतली आहेत आणि ती कधी नव्हे ती बरोबर चालतात.

प्रोग्रामही सोडलेला नाही. जावई रोज दुपारी जेवण झालं की लॅपटॉप काखेत मारून मैद्याच्या खोलीत जातो, फळीवर ठेवतो, पोत्याला पाठ टेकतो आणि प्रोग्राम कसा जागा होतो ते तपासायला घेतो. पाचव्या मिनिटाला खोलीच्या पत्र्याची थरथर सुरू होते. रस्त्याने जाणारं एखादं गिऱ्हाईक दचकून विचारतं, "बाई, आत कसलं यंत्र चाललंय हो?"

सासूबाई ओठांवर बोट ठेवून म्हणतात, "हळू बोला. आमचे जावई टेस्टिंग करताहेत."